अकरा हजार रुपये आणि बावीस बायका

प्रश्न असा आला आहे : पलूस तालुक्यातली आमची छोटी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, चाळीसेक घरांची. यंदा महिला मंडळाची सेक्रेटरी मला केलंय. दर शुक्रवारी घरोघरी भक्ती, मार्चमध्ये जागतिक प्रार्थना दिन, नाताळात गरिबांना साड्या आणि दवाखान्यात फळं, एवढं आमचं काम. आता वरून पत्रक आलंय की मंडळांनी सामाजिक न्याय आणि समाजाच्या गरजा यांवर काम करावं. आम्ही बावीस बायका, शिल्लक अकरा हजार. सुरुवात कुठून करू? आणि गावात कोणी धर्मांतराचं नाव काढलं तर काय सांगू?

वयानं तू माझ्या लेकीएवढी असशील, म्हणून एकेरीवर येते. मी मिरजेत नर्सिंग शिकले, मिरज आणि सांगली मिळून तेहेतीस वर्षं ड्युटी केली आणि त्यातली अठ्ठावीस वर्षं मंडळीतल्या बायकांबरोबर हेच काम करत आले. सेक्रेटरी तीनदा झाले. त्यातून एकदा मुदतीआधी काढून टाकलं, ते का ते पुढं येईलच.

आधी अकरा हजारांचं सांगते. त्यातून काहीही विकत घेऊन वाटू नकोस. साडी नको, ब्लँकेट नको, वह्या नकोत. शिलाई मशीन तर मुळीच नको. मी पाहिलेल्या बहुतेक मंडळांच्या सामानाच्या खोलीत एक शिलाई मशीन धूळ खात पडलेलं असतं आणि त्यावर नाताळच्या चांदण्यांचं खोकं ठेवलेलं असतं. हे पैसे एसटीच्या तिकिटांना, झेरॉक्सला, स्टॅम्पपेपरला आणि तहसील कचेरीबाहेरच्या चहाला ठेव. वर्षभर पुरतील. मी सांगणार आहे ते काम एकच आहे : ज्या बाईला जिथं एकटीनं जाता येत नाही, तिथं तिच्यासोबत जायचं. कचेरीत, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, कोर्टात. तिच्याऐवजी नाही, सोबत.

कसं ते एका बाईच्या गोष्टीतून सांगते. मिरजेच्या पूर्व भागातली बाई. नवरा वीटभट्टीवर असताना दुसऱ्या तालुक्यात वारला, तिथंच माती झाली. पदरात दोन पोरं. आम्ही ओळीनं दोन नाताळ तिला साडी दिली. तिनं दोन्ही वेळा वाकून नमस्कार केला, आम्ही दोन्ही वेळा फोटो काढला. तिसऱ्या वर्षी, २०१४ साली, साडी द्यायला आमच्यातल्या एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका गेल्या. त्यांना सवय प्रश्न विचारायची. त्यांनी विचारलं, "निराधारचं पैसं मिळतंय का तुला?" ती म्हणाली, "त्याला मेल्याचा दाखला लागतोय म्हणं."

म्हणजे दोन वर्षं आम्ही साडी देत होतो आणि तिच्या नवऱ्याचा मृत्यू सरकारदरबारी झालेलाच नव्हता.

मग सुरू झाले हेलपाटे. मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथंच होते, राहत्या गावात नाही. त्या गावचे ग्रामसेवक म्हणाले, आमच्या रजिस्टरला असं नाव नाही. नाव नाही, तर तसं लिहून द्या, म्हटलं. हा 'नोंद नसल्याचा दाखला' काढायलाच दोन खेपा गेल्या. एकवीस दिवसांत कळवलं तर नोंद फुकटात होते, वर्ष उलटलं की वरच्या आदेशाशिवाय होत नाही. तेव्हा तो आदेश कोर्टातून आणावा लागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे गेलाय, तेवढा एक फेरा कमी झाला. भट्टीवरच्या दोघांचे जबाब, मालकाचं "आम्हाला काय माहीत नाही", शेवटी एकदाचा दाखला. त्यानंतर उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, रेशनकार्डाची प्रत, बँकेचं पासबुक. अकरा महिने लागले. चौदा खेपा. मंडळाचा खर्च झाला एकोणीसशे रुपये. मिळाले किती? तेव्हा महिन्याला सहाशे. आज ही संजय गांधी निराधार योजनेची रक्कम विधवेला महिना १,५०० आहे. उत्पन्नाची अट मात्र वर्षाला २१,००० चीच आहे. रोजंदारी करणारी कोणती बाई वर्षाला एकवीस हजारांत जगते हे तो दाखला देणाऱ्यालाही माहीत असतं, पण ते असो.

मला त्यातली लक्षात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या खेपेला ती खिडकीपासून तीन फूट मागं उभी राहिली. पदर तोंडाशी, कागदाची पिशवी पोटाशी. रांग तिच्या अंगावरून पुढं जात होती आणि खिडकीतल्या माणसाला ती दिसतच नव्हती. शिक्षिका बाईंनी तिला ओढलं नाही की तिचे कागद घेऊन स्वतः पुढंही गेल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "पुढं हो. काउंटरवर हात ठेव. हात दिसला की माणूस दिसतो." दहाव्या-अकराव्या खेपेला बाईंना ताप होता, ती एकटीच गेली आणि सही घेऊन आली. पुढच्या वर्षी शेजारणीला घेऊन तीच तहसीलला. आमच्या मंडळाची ती सभासद नव्हती, आजही नाही.

तुला वाटेल, हे काम मिशनचं कसं? आपल्याकडे मिशन म्हटलं की लोकांना दगडी चर्च आणि गोरा डॉक्टर आठवतो. मिरजेला डॉ. वानलेसांनी १८९४ ला इस्पितळ सुरू केलं, वानलेसवाडी त्यांच्याच नावाची, हे सगळं खरं. पण बायकांच्या मिशनचं मूळ दुसरीकडे आहे. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई लग्न न करता, कुणाची बायको म्हणून नव्हे तर शिक्षिका म्हणून १८२७ मध्ये मुंबईला उतरली, पुढं नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. तिची नगरची शाळा जोतीरावांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. जोतीरावांचं मूळ गाव कटगुण, सावित्रीबाईंचं माहेर नायगाव, दोन्ही आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात. पुढं १८६९ मध्ये बोस्टनला मेथडिस्ट बायकांनी आपली वेगळी मिशनरी सोसायटी काढली. पहिल्या सभेला पाऊस होता, जेमतेम आठ बायका जमल्या. त्या आठजणींच्या सोसायटीनं वर्ष संपायच्या आत क्लारा स्वेन ही डॉक्टर आणि इझाबेला थोबर्न ही शिक्षिका अशा दोघींना हिंदुस्थानला धाडलं. बावीस बायका कमी आहेत असं तुला वाटत असेल म्हणून सांगितलं.

स्त्रीला बाई डॉक्टरच का हवी, तर घरातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायच्या नाहीत. उंबऱ्याच्या आत बाईच जाऊ शकते, ही त्या सगळ्या कामाची किल्ली होती. आपल्याकडच्या बायबलवाल्या बाया आठव. माझ्या आजीच्या पिढीत एक होत्या. हातात पिशवी, पायात टायरच्या चपला, दिवसाला चार घरं. वाचायला शिकवायच्या, पोराचे कान फुटले तर दवाखान्यात न्यायच्या, पत्रं लिहून द्यायच्या. पगार पाळकाच्या, म्हणजे पास्टरच्या, निम्मासुद्धा नाही आणि वार्षिक अहवालात नावही नाही. आपल्या कामाच्या खऱ्या पूर्वज त्या.

चुकाही त्याच जुन्या आहेत. मिशन कंपाउंडमध्ये मायबाप सरकारसारखं एक मायबाप मिशन तयार झालं. मडमेनं द्यायचं, आपण घ्यायचं. देणारी नेहमी वरच्या पायरीवर. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा मांडला, त्यामागचं एक कारण हेच होतं की ख्रिस्ती माणसानं मिशनच्या ओसरीवर बसून राहू नये. आणि आज आपण काय करतो? मडम गेली, तिच्या पायरीवर आपण उभ्या राहिलो, साडीचा गठ्ठा घेऊन.

२०१९ च्या पुरात हे डोळ्यांनी पाहिलं. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन फुटांच्या वर गेली होती. इशारा चाळीसला, धोका पंचेचाळीसला, यावरून समज. तू तर पलूसची, तुला मी काय सांगणार. पाणी ओसरल्यावर ट्रकच्या ट्रक भरून जुने कपडे आले. पार्टीचे गाऊन, झगझगीत शेरवान्या, एका पायाचे बूट. रस्त्याकडेला ढीग, त्यावर पाऊस. बायकांना हवे होते परकर, पॅड आणि झाकणाची बादली. ते मागायचं कुणापाशी, ट्रकवर सगळे पुरुष. आम्ही त्या आठवड्यात जे केलं ते फार लहान होतं. चर्चच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या, सगळे पंखे लावले आणि लोकांचे भिजलेले कागद वाळवले. रेशनकार्ड, सातबारा, शाळेचे दाखले, जातीचे दाखले, विम्याचे कागद. वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये एकेक कागद, वरून उशी, चिकटलेली पानं सुटी करायला स्वयंपाकघरातला उलथना. पासबुकावरची शाई पसरली होती, ती पुसायची नाही, तशीच वाळू द्यायची, हे एका बँकेतल्या शिपायानं शिकवलं. तीन दिवसांत दोनशेवर घरांचे कागद झाले. पंचनाम्याला अधिकारी आले तेव्हा ज्यांच्या हातात कागद होता त्यांची नोंद लवकर झाली. त्या हॉलमध्ये कोण कुठल्या धर्माचं हे विचारायला कुणाला सवड नव्हती. मशिदीतून चहा यायचा.

आता फसलेलं काम. ऊसतोडीच्या टोळ्यांचं. तुमच्याकडे तर दिवाळीनंतर शिवारभर त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात. २००९ च्या डिसेंबरात आम्ही एका फडाजवळ गेलो, पंचेचाळीस स्वेटर आणि बिस्किटांचे पुडे घेऊन. गाणी म्हटली, प्रार्थना केली, वाटप केलं. पंधरा दिवसांनी परत गेले तर एकाही पोराच्या अंगात स्वेटर नाही. एक बाई हसून म्हणाली, "बाई, पाचटात लोकर गुतती. आन् धा वाजल्यापासनं उनच की." आम्ही शरमलो. मी तिथंच मोळीवर बसले आणि पहिल्यांदा विचारलं की मग काय पायजे? तिला सातवा महिना होता. म्हणाली, दवाखान्यात जायचंय, पण एक दिवस गेला की खाडा पडतोय.

हे तुला ठाऊक नसेल तर ऐक. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. न येईल त्या दिवसाचा खाडा म्हणून उलटे पैसे कापतात. हिशोब मुकादमाच्या वहीत आणि वही मुकादमाच्या खिशात. वाढं विकून चार पैसे सुटतात तेवढेच हातात. अशा बाईला स्वेटर देऊन आम्ही घरी जाऊन समाधानानं जेवलो होतो.

मग आम्ही दोन गोष्टी केल्या. एक सोपी, ती जमली. उपकेंद्रातल्या नर्सबाई आणि आशाताईंना गाठून त्यांची संध्याकाळची फेरी कोप्यांकडे वळवली, म्हणजे खाडा न पडता तपासणी आणि पोरांची लस होते. माता-बाल कार्ड गावाकडे राहिलं होतं त्यांना इथं नवं करून दिलं. आता तर रेशनही आपल्या कार्डावर दुसऱ्या जिल्ह्यात उचलता येतं, अंगठा लावून. पण टोळीतल्या बायकांना ते कुणी सांगितलेलं नसतं आणि दुकानदार काही आपणहून सांगत नाही. तिथं पुन्हा सोबत जावंच लागतं.

दुसरी गोष्ट अंगलट आली. बायका म्हणाल्या, आमच्या नावावर किती उचल लिवलीय ते वाचून दाखवा. आम्ही संध्याकाळी कंदिलाशी बसून वह्या वाचायला लागलो. दोन ठिकाणी आकडे जुळेनात. मुकादम बिथरला, त्यानं शेतमालकाच्या कानावर घातलं आणि शेतमालकाचं आमच्या मंडळीतल्या एका वजनदार घराशी बसणं-उठणं. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीपुढं विषय आला की महिला मंडळ राजकारण करतंय. मला पद सोडायला लावलं. माझी चूक काय झाली तेही सांगते : आम्ही एकट्या गेलो. ऊसतोड मजुरांची संघटना त्या भागात होती, तिच्या कार्यकर्त्यांना आधी भेटायला हवं होतं. हिशोबाचं भांडण त्यांनी लढायचं, आम्ही वाचून दाखवायचं, असं ठरलं असतं तर निभावलं असतं. दुसरं, कमिटीला आधी सांगितलं नव्हतं. परवानगी मागू नकोस, पण कळव जरूर, आणि लेखी कळव. स्वेटर वाटले तेव्हा त्याच कमिटीनं टाळ्या वाजवल्या होत्या, हे मी अजून विसरलेली नाही.

आता घरचं. पत्रकात सामाजिक न्याय म्हटलंय, म्हणजे लगेच वस्तीकडे बोट दाखवायचं असं नाही. तुझ्या बावीसमधल्या दोघी-तिघी तरी घरी मार खात असतील. मी आकडा काढून सांगत नाही, इतकी वर्षं वॉर्डात आणि भक्तीत बायकांचे हात पाहिलेत म्हणून सांगते.

इथं माझ्या हातून झालेली सगळ्यांत वाईट चूक. एका तरुण सुनेनं मला सांगितलं. मी शुक्रवारच्या भक्तीत, नाव घेऊन, प्रार्थनेसाठी विषय दिला. माझा हेतू चांगला होता. रविवारपर्यंत सासूच्या कानावर गेलं आणि सोमवारी पोरगी माझ्याच वॉर्डात, मनगट मोडून. तेव्हापासून आमच्या मंडळात नियम आहे : प्रार्थनेत "एका बहिणीसाठी" एवढंच म्हणायचं, ओळख पटेल असं काहीही नाही. परमेश्वराला पत्ता माहीत आहे. हा नियम तू पहिल्याच सभेत कर. चर्चमधल्या चुगल्या बऱ्याचदा प्रार्थनेच्या विषयातूनच सुटतात, हे कुणी कबूल करत नाही.

कायदा थोडा माहीत असू दे. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा मारहाणीपुरता नाही, पैसे अडवणं, शिवीगाळ, घराबाहेर काढणं हे सगळं त्यात येतं. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी नांदत्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे माहिती तिनंच द्यावी असं नाही, तू दिलीस तरी चालते, फक्त तिच्या संमतीवाचून देऊ नकोस. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये असावा, 'मावशी' किंवा 'गॅसवाला' अशा नावानं. बाईला उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. आणि पाळकसाहेब "जुळवून घे, क्रूस उचल" म्हणाले, तर शांतपणे सांग की क्रूस उचलायचा तो आपल्या मनानं. नवऱ्यानं पाठीवर ठेवलेला नव्हे.

आपल्याच माणसांना आपलाच कायदा माहीत नसतो, हे तर फारच दिसतं. २००१ पर्यंत ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की घटस्फोट मिळायचा, बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला छळ किंवा टाकून देणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागायचं. १८६९ चा तो कायदा, बाईच्या बाबतीत एकशे बत्तीस वर्षं तसाच राहिला. ज्या बायकांनी हा बदल करून घेतला त्यात देशभरातल्या चर्चच्या बायका होत्या. वारसाचंही तसंच. मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या वारसा कायद्यानं ख्रिस्ती विधवेला मुलं असताना एक तृतीयांश, उरलेलं मुलामुलींना सारखं. मुलगी आणि मुलगा सारखे, हे आपल्याला १९२५ पासून आहे! आणि तरी आपल्या घरांत बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतात, वर साडीचोळी. गणनेच्या पुस्तकातल्या सलाफहादाच्या पाच मुलींवर एक शुक्रवार घे. बापाला मुलगा नव्हता, त्या सगळ्या मंडळीसमोर मोशेपुढं उभ्या राहिल्या आणि वाटा मागितला. मी ज्या शुक्रवारी हा विषय घेतला त्या रात्री दोन नवऱ्यांचे मला फोन आले. दोघांच्याही बहिणी सासरी गरिबीत होत्या.

हुंड्याचं वेगळं लिहीत नाही. तुमच्याकडे त्याला काय म्हणतात, लग्नखर्च, भेट, पोशाख, ते तुला माहीत आहे. आणखी एक : चर्चचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढ आणि गेल्या पंधरा वर्षांत मुली किती, मुलगे किती ते मोज. चाळीस घरांच्या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही, नर्स म्हणून मला ते कळतं. पण २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या आणि त्या घरांत आपली घरं नव्हती असं समजायचं कारण नाही. शेजारी साताऱ्यात २०११ मध्ये 'नकोशी' नावाच्या २८५ मुलींची नावं एका समारंभात बदलली. बारसं नव्यानं झालं. बापांचं काय झालं ते वेगळं.

पैशाचं. बाहेरून आणू नकोस. कुणाचा भाचा अमेरिकेत असतो, तिथलं चर्च शंभर डॉलर पाठवतो म्हणतं. विदेशी अंशदानाच्या कायद्याची नोंदणी नसताना ते मंडळाच्या नावानं घेता येत नाही. नोंदणी असली तरी पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातूनच यावे लागतात. नसती आफत. त्यापेक्षा मूठ धर. मिझोराममधल्या बायका शंभरावर वर्षं रोज स्वयंपाकाला बसताना एक मूठ तांदूळ मडक्यात बाजूला टाकतात आणि त्यावर त्यांच्या मंडळ्यांचं मिशन चालतं. आपल्याकडेही मुठीचं धान्य होतंच, गॅस आला आणि गेलं. दुसरं आपल्याच एका बाईनं जगाला दिलेलं. १९५६ मध्ये शांती सॉलोमन एका महिला पथकाबरोबर आशियाच्या दौऱ्यावर होत्या. कोरियाचा व्हिसा त्यांना मिळाला नाही, त्या मनिलात अडकल्या. तिथं त्यांना सुचलं की प्रार्थनेला सीमा नसते, तर प्रत्येक प्रार्थनेबरोबर आपल्या देशातलं सर्वांत लहान नाणं बाजूला ठेवावं. श्रीमंत देशातल्या बाईनंही लहानच नाणं टाकायचं, म्हणजे कोणी वरची नाही, कोणी खालची नाही. देशोदेशीच्या मंडळ्यांत ही थैली आजही फिरते. तुझ्या बावीसजणींनी दर शुक्रवारी पाच-पाच रुपये टाकले तर महिन्याला साडेचारशेच्या आसपास होतात, दोघींच्या सांगलीच्या दोन-तीन खेपा निघतात. हिशोबाची वही दर महिन्याला सगळ्यांपुढं वाचायची. मोठ्यानं.

आता धर्मांतराचा प्रश्न. तो येणार, घाबरू नकोस. सोबत करण्याच्या कामात आम्ही पहिल्यापासून तीन गोष्टी पाळल्या. कचेरीच्या खेपेला बायबल, पत्रकं, वचनाची कार्डं काही न्यायचं नाही. मदतीच्या आधी किंवा नंतर त्या घरात भक्ती ठेवायची नाही, बाईनं स्वतः बोलावलं तरी महिनाभर थांबायचं, कारण उपकाराच्या ओझ्याखाली दिलेल्या आमंत्रणाला अर्थ नसतो. आणि शक्यतो एकट्या मंडळाच्या नावानं काम करायचं नाही. बचत गटाची अध्यक्ष, अंगणवाडी सेविका, आशाताई यांच्यातली एक बरोबर असू दे. सरपंचांना एकदा भेटून ये, काय करतोय ते सांग. लपून केलं की लोकांना संशय येतो, आणि तो रास्तही असतो. कोणी तोंडावर विचारलं, तर मी म्हणायचे, "ह्यांचा निराधारचा फॉर्म भरतोय, तुमच्या गल्लीत कोणी विधवा असेल तर तिचाही भरून देतो." दोनदा असं झालं की विचारणाऱ्यानंच नंतर आपली चुलती पाठवली. कधी नाही पटत लोकांना, मग थोडे दिवस थांबायचं. तू ख्रिस्ती आहेस हे लपवायचं मात्र नाही.

ह्याच्याशी जोडून एक कडू गोष्ट. आपल्यातली बरीच घरं ज्या समाजातून आली त्याच समाजातल्या हिंदू, शीख, बौद्ध घरांना अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, ख्रिस्ती झालेल्यांना १९५० च्या आदेशानं नाहीत. महाराष्ट्रात ती घरं इतर मागासवर्गात धरली जातात. शाळेत पोराचा दाखला काढताना काय लिहायचं ह्यावरून घराघरात गोंधळ असतो आणि आजोबांच्या वेळचा पुरावा मागतात. बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरं इथं उपयोगाला येतात, ती वाळवीपासून वाचव. हे खातं मंडळातल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेला सोपव, असतेच एखादी.

पहिल्या महिन्यात काय करायचं, तर फक्त हे : पुढच्या शुक्रवारी प्रत्येकीनं आपल्या गल्लीतली एक अशी बाई सांगायची जिचं कुठलं तरी काम कागदावाचून अडलंय. नाव नको, काम सांगायचं. बावीस कामं निघतील. त्यातली दोनच घे, सोपी बघून, एखाद्या आजीबाईंचं बँकेचं आधार जोडणं, एखादीचा उत्पन्नाचा दाखला. प्रत्येक कामाला दोघी नेमायच्या, एक बोलकी आणि एक गप्प बसणारी. गप्प बसणारीच्या लक्षात सगळं राहतं. बाकीच्या वीस कामांना हो म्हणायचं नाही, आश्वासन तर नाहीच. साडी बंद केली म्हणून कुरकुर होईल, जुन्या बायका रुसतील. त्यांना दवाखान्यात फळं वाटायला जाऊ दे, पण सांग की केळी देऊन परत यायचं नाही. तिथं जिच्यापाशी नातेवाईक कोणी नाही तिच्याजवळ तासभर बसायचं, औषधाची चिठ्ठी घेऊन खाली जायचं. रात्रपाळीत मी किती वेळा कळवळून बघितलंय, उशाशी केळ्यांची फणी आणि पाणी द्यायला कोणी नाही.

जागतिक प्रार्थना दिन मार्चच्या पहिल्या शुक्रवारी येतो, दर वर्षी वेगळ्या देशातल्या बायकांनी उपासना लिहिलेली असते. त्या दिवशी लांबच्या देशातल्या बायकांची दुःखं वाचून आपण डोळे पुसतो. पुसावेत. मात्र त्या उपासनेनंतर चहाच्या आधी वर्षभरात कुठं कुठं सोबत केली ते दहा मिनिटं वाचून दाखव, नावांशिवाय. पास्टरेट कमिटीला त्या दिवशी आवर्जून बोलव.

आणि तहसीलला सोमवारी जाऊ नकोस, गर्दी असते. मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी साडेदहाच्या आत पोहोच. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत, झेरॉक्स प्रत्येकी तीन, पासपोर्ट फोटो सहा. बाईला सकाळी काहीतरी खायला लाव, नाहीतर एकच्या सुट्टीत तिला चक्कर येते. पेन दोन ने. एक कुणीतरी मागून घेतं आणि परत देत नाही.